वीस खांब

माहं डोकं लवकर तापते, हे गावात सगळ्याइले ठाऊक हाये. कोणी वाकडं बोललं तर मी त्याचं उट्टं त्याच दिवशी काढते, दुसऱ्या दिवसावर ठेवत नाही. अन्नपूर्णाच्या वेळी मात्र मले थांबा लागलं, कारण तवा माह्या तोंडाले कुलूप होतं. घशातल्या गाठी काढल्या होत्या अन् डॉक्टरनं बोलायची बंदी केली होती. माह्यासारखीले बोलू नको म्हणणं म्हणजे काय असते, ते माह्या घरच्याइले विचारा.

मी महामाया. आमचं गाव धाडच्या अलीकडं, रस्त्याले लागून. बाप सहदेव, धाड ते बुलढाणा काळीपिवळी चालवते. माय भिमाबाई, कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी तिच्या हाताखाली. तीन एकर आमचंही हाये. अन्नपूर्णा मागच्या गल्लीतली, शालिग्रामकाकाची पोरगी, आठवीपासून माह्यासंगं पळणारी.

आम्ही दोघी दिवस उगवायच्या आधी रस्त्यानं पळायच्या. मी समोर, ती मागं. पाच वर्षांत एक दिवस ती समोर अन् मी मागं असं झालं नाही. तिची एक सवय होती, तिले रस्ता पाहायचं ठाऊकच नव्हतं, ती माह्या टाचा पाहून पळे. मी हळू तर ती हळू, मी जोरात तर ती जोरात. आमचे देवानंद सर तिले लय रागवत. म्हणत, पोरी, तुले स्वतःचा दम समजत नाही, ही एखाद्या दिवशी विहिरीत गेली तर तूही मागं जाशील. अन्नपूर्णा नुसती हसे. हसली का तिचे समोरचे दोन दात दिसत, अन् तवा ते मले आवडत.

त्या साली आम्ही बारावीत होतो, म्हणजे शाळेच्या शर्यतीचं आमचं शेवटचं साल. शाळेतून जिल्ह्याच्या शर्यतीले एकच पोरगी जाणार होती. चार किलोमीटर पळायचं, अन् पहिल्या तिघीइले अमरावतीच्या क्रीडा वसतिगृहात घेणार. राहणं तिथं, खाणं तिथं, कॉलेज तिथं. शाळेतल्या चाचणीत मी पहिली आली, अन्नपूर्णा दुसरी. माहं नाव फळ्यावर लागलं. मी घरी येऊन मायले म्हटलं, पुढच्या वर्षी तुह्या टोळीत एक बाई कमी समज. माय हसली, पण लगेच चुलीकडं वळली.

आता गाठीचं सांगते. दर पावसाळ्यात माहा घसा धरे, ताप चढे, पाणी गिळवत नसे. त्या साली तर तीनदा झालं. बुलढाण्याच्या डॉक्टरनं आत बॅटरी मारून पाह्यलं अन् म्हणाला, या काढाच लागतात. मी विचारलं, पळता कवा येईल? तो म्हणाला, तीन हप्ते पूर्ण आराम, मग पळ. मी तिथंच त्याच्यासमोर बोटं मोजली. दिवाळीच्या दोन दिवस आधी ऑपरेशन केलं तर शर्यत बाविसाव्या दिवशी येत होती. डॉक्टर म्हणाला, चालते, पण मधात काही आगावपणा केला तर नाही चालत. मी हो म्हटलं.

ऑपरेशनाचं कोणी सांगत नाही ते मी सांगते. झोपेत होते काय करायचं ते, पण उठल्यावर थुंकी गिळायची म्हटलं तर जिवावर येते. दुखते घशात अन् कळ जाते कानात. मी दोन दिवस लाळ वाटीत सोडली, गिळली नाही. तोंडाले असा वास यायचा का मलेच माह्याजवळ बसवत नव्हतं. घशात दोन्हीकडं पांढरी खपली धरली होती, ती मी आरशात दिवसातून दहादा पाहायची. खायले काय, तर थंड दूध, पातळ पेज अन् बापानं धाडवरून आणलेली आईस्क्रीम. ती गाडीत गोणपाटात गुंडाळून आणे, तरी घरी येईस्तोवर तिचं पाणी झालेलं राहे. मी तेच पेई अन् पाटीवर लिहून दाखवे, पाणीच आणायचं होतं तर नळाचं आणायचं. बाप वाचे अन् हसत बाहेर निघून जाई.

अन् गल्लीत दिवाळी. बोंडअळीचं साल होतं, बोंड फोडलं का आत गुलाबी अळी वळवळे अन् रुई काळी निघे, म्हणून त्या दिवाळीत घरोघरी फार काही तळलं नव्हतं. पण वास तर येतच होता. भेटायले येणारा माणूस आपल्याकडं रिकाम्या हातानं येत नाही. कोणी केळं आणलं, कोणी बिस्किट. अन्नपूर्णानं डबाभर चकल्या आणल्या. माह्या हातात देऊन म्हणली, बरी झाली का खाजो, मी केल्या हायेत. मी पाटीवर लिहिलं, जळवायले आली काय वं? ती पोट धरून हसली.

आठव्या दिवशी मी त्यातली चकली खाल्ली. हो, माह्याच हातानं खाल्ली, कोणी घशात कोंबली नव्हती. आठ दिवस पेज पिऊन माणसाची बुद्धी चळते. माय वावरात, बाप गाडीवर. एक कुडकी तोंडात धरली, भिजवली, चावली, गिळली. काही झालं नाही. म्हणून आख्खी खाल्ली. तिसऱ्या घासाले घशात काहीतरी खरडलं, अन् मग तोंडात कोमट कोमट यायले लागलं.

माय घरी आली तवा मी ओट्यावर दूध तापवायचा गंज घेऊन बसली होती अन् गंजाचा तळ रक्तानं झाकला होता.  मायनं गंजात पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् पदर खोचून रस्त्यावर पळाली. अन्नपूर्णा त्याच वेळी काही द्यायले आली होती, तिनं मले धरलं. बापाच्या गाडीची वाट न पाहता एका दुधवाल्याच्या मोटरसायकलवर मले बसवलं, मागून माय. बुलढाण्याले डॉक्टरनं रक्त थांबवलं, एक रात्र ठेवलं, अन् मले जे बोलला ते मी इथं सांगत नाही. पण जाताना म्हणाला, आता खपली धरली हाये, ऑपरेशनापासून तीन हप्ते म्हटलं तर तीनच हप्ते, नीट राह्यली तर पळशील. मी हे माह्या कानानं ऐकलं.

सुट्ट्या संपून शाळा उघडली तो पंधरावा दिवस. बोलायची बंदी थोडी सैल झाली होती, पण आवाज नाकातून निघे अन् दोन शब्दांत घसा भरून येई. फळ्यासमोर गेली तर माह्या नावावर आडवी रेघ मारलेली. खाली अन्नपूर्णाचं नाव.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरच्या टेबलासमोर जाऊन उभी राह्यली, बोट फळ्याकडं केलं. सर खाली पाहत म्हणाले, मले कळलं सगळं, रक्त आलं, डॉक्टरनं तीन महिने पळायचं नाही सांगतलं, जीव मोठा का शर्यत मोठी? मी म्हटलं, तीन हप्ते. माह्या नाकातून काय निघालं कोण जाणे, सरनं माह्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणाले, बोलू नको, घरी जा. मी लिहायले कागद मागितला. ते म्हणाले, नावं बुलढाण्याले गेली, आता काही होत नाही.

तीन हप्त्याचे तीन महिने कोणी केले? मी घरी येईपर्यंत विचार केला. दुधवाला सोडला तर रक्ताचं बाहेरच्या एकाच माणसाले ठाऊक होतं. गंज धरून बसलेली मले एकाच पोरीनं पाह्यलं होतं. चकल्या कोणी आणल्या? अन् नाव कोणाचं लागलं? मले दुसरा कोणी दिसलाच नाही.

अन् ती माह्यासमोर येईना. गल्लीत दिसली का वळे. एकदा नळावर गाठ पडली, तर कळशी अर्धी भरून निघाली. मी तिच्या डोळ्यात पाह्यलं, तिनं नजर खाली घातली. मले तेवढं पुरे झालं. मी तिले काही विचारलं नाही. विचारायले आवाज नव्हता हे खरं, पण पाटी तर होती. मी पाटीही उचलली नाही. भांडून तिले मोकळी करायची नव्हती मले. भांडण झालं असतं तर ती रडली असती, माफी मागितली असती, अन् वर शर्यतही पळाली असती. मले तिची शर्यत पाह्यजे होती. माही गेली ना, मग तिचीही गेली पाह्यजे.

कशी घ्यायची, हे मले झोपेत सुचलं नाही, नीट जागेपणी, पेज पिता पिता सुचलं. अन्नपूर्णा टाचा पाहून पळते. तिले स्वतःचा दम समजत नाही. बस.

आमच्या तीन एकरात बापानं त्याच हप्त्यात मेंढपाळाची मेंढरं सोडली होती. अळीनं खाल्लेला कापूस वेचायची मजुरीही निघत नव्हती, मायची टोळी त्या साली अर्धा हंगाम घरी बसून होती. मेंढरांनी पानं खाऊन टाकली, उरल्या नुसत्या पऱ्हाट्या, कापसाच्या उभ्या काड्या. त्यातल्या गाडवाटेनं मी सोळाव्या दिवसापासून पळायले लागली. दुपारी, जवा वावरात कुत्रं नसते. पहिल्या दिवशी दोनशे पावलं पळाली अन् घशात वारा असा लागला का डोळ्यातून पाणी आलं. खाली बसली, दोन घोट पाणी प्याली, थुंकून पाह्यलं. लाल नव्हतं. उठून परत पळाली. मले चार किलोमीटर नको होते, एकच पाह्यजे होता. आमच्या रस्त्यानं एका किलोमीटरमधी विजेचे वीस खांब येतात. वीस खांब भरधाव पळायचं अन् बाजूले व्हायचं. हळू पळायले मी गेलीच नाही. प्रत्येक पावलाले मी तिचं नाव घेई, अन् ते देवाचं घेतात तसं नव्हतं.

बाविसाव्या दिवशी मी मायले म्हटलं, मैत्रिणीची शर्यत पाहायले जाते. मायचा चेहराच उजळला. तिनं माह्या गळ्याले स्वतःचा रुमाल बांधला, पाण्याची बाटली दिली, म्हणली, जा माय, तिले हिंमत दे. मले वाटलं, बिचारीले काही ठाऊक नाही.

बुलढाण्याच्या मैदानावर पन्नाससाठ पोरी होत्या. शर्यत फाटकातून बाहेर निघे, रस्त्यानं दोन किलोमीटर जाऊन तिथूनच परत. मी फाटकाबाहेर एका बंद टपरीजवळ उभी राह्यली. सलवारखाली बूट घातले होते. आत शिट्टी झाली, टाळ्या झाल्या, अन् पोरी बाहेर पडल्या. अन्नपूर्णा नववी का दहावी होती. बरोबर पळत होती. खोटं काऊन बोलू, त्या दिवशी ती पहिल्यांदा रस्ता पाहून पळत होती, अन् तशीच पळाली असती तर तिसरी नक्की आली असती.

मी रस्त्याच्या कडेनं, मुरमावरून, तिच्या चार हात समोर घुसली.

तिनं माह्या टाचा पाह्यल्या. मी एकदा मागं वळून पाह्यलं तर ती हसून राह्यली होती, ते दोन दात दाखवून. माह्या अंगात सणक गेली. म्हटलं, हस, किती हसते ते पाहते. अन् मी पाय सोडले. पहिल्या पाच खांबांत आम्ही सहा पोरी मागं टाकल्या. मोटरसायकलवरचा एक पंच माह्याकडं पाहून शिट्टी वाजवत होता, मी त्याच्याकडं पाह्यलंच नाही. दहाव्या खांबाले घसा पेटला. पंधराव्याले अन्नपूर्णा सगळ्यांच्या समोर होती अन् मागून तिचा श्वास मले ऐकू येत होता, असा श्वास तिचा मी पाच वर्षांत कधी ऐकला नव्हता. विसाव्या खांबाले मी बाजूच्या झुडपात शिरली अन् गुडघ्यावर बसली. ती समोर निघून गेली, त्याच वेगानं. तिले थांबता येतच नव्हतं.

मग मी चालत फाटकावर परत आली अन् वाट पाह्यली. परतीत पहिली पोरगी आली, ती शेगावकडची होती. दुसरी आली. तिसरी आली. मी मोजत होती. अन्नपूर्णा एकतिसावी आली. पळत नव्हती, चालत होती, पोटाले हात लावून, अन् कुडत्यावर ओकलेलं होतं. मले आनंद झाला. असा आनंद मले माह्या पहिल्या नंबराचाही झाला नव्हता.

ती मैदानाच्या भिंतीले टेकून बसली होती. मी मुद्दाम तिच्यासमोर गेली. मले तिचं तोंड पाहायचं होतं, अन् तिनं माहं पाह्यलं पाह्यजे असं वाटत होतं. तिनं मान वर केली, मले पाह्यलं, अन् माहा हात धरून रडायले लागली.

"तुहा घसा अजून ओला हाये वं," ती म्हणली. "तरी तू मले घ्यायले आली. मीच कमी पडली. तुह्या मागं माह्याच्यानं टिकवलं नाही."

मी हात ओढला, तिनं सोडला नाही. मग ती बोलतच गेली. सुट्टीत नाव कापलं त्या दिवशी ती सरकडं गेली होती अन् महामाया पळणार नसेल तर मीही पळत नाही असं सांगून आली होती. त्याच संध्याकाळी माही माय तिच्या घरी गेली.

"काकूनंच तुहं नाव काढलं, माया. सरले तीन महिने म्हणून काकूनंच सांगतलं. म्हणे, त्या गंजातलं रक्त माह्या डोळ्यापुढून जात नाही, मले पोरगी जिवंत पाह्यजे. माह्यापुढं हात जोडले तिनं. म्हणे, तू पळ, अन् माह्या पोरीले सांगशील तर माही आण हाये. मी तुह्यासमोर कशी येऊ मग? मले तोंड लपवता येत नाही, तुले ठाऊक हाये."

 आजूबाजूले बक्षिसाची नावं पुकारून राह्यले होते. मी म्हटलं, तू पहिल्या तिघीत आली असती तर? तिनं डोळे पुसले अन् सांगतलं, का बानं वावरावर नांगर फिरवला हाये, डोणगावचं एक स्थळ दिवाळीपासून बसून हाये, बा म्हणाला होता, अमरावती झाली तर शिक, नाही तर माघात उरकून टाकू. हे सांगताना ती रडत नव्हती. मग तिनं मले पाणी दिलं अन् म्हणली, घोट घे, घसा दुखत असेल.

घरी आली तर माय दारात उभी होती. म्हणली, काय झालं? मी म्हटलं, हरली. माय म्हणली, अरेरे, अन् माह्या गळ्याचा रुमाल सोडायले हात पुढं केला. मी तो हात झटकला.

"तू माह्या नावावर रेघ मारली," मी म्हटलं. ऑपरेशनापासून पहिल्यांदा माहा आवाज नाकातून नाही, गळ्यातून निघाला.

माय नाही म्हणली नाही. म्हणली, मारली, अन् उद्या परत मारा लागली तरी मारीन. तू गंज पाह्यला नाही, तू धरून बसली होती, पाहत मी होती.

डॉक्टरनं सांगतल्याहून जास्त दिवस मी मग तोंड बंद ठेवलं. फक्त मायसाठी. आख्खा हिवाळा मी तिच्याशी एक शब्द बोलली नाही. ती पेज आणे, मी पेई. ती विचारे, मी उठून जाई. बापानं समजावलं, मावशीनं समजावलं. मले वाटे, हिले असं जाळलं का माह्या आतलं निवेल. निवलं नाही. कारण मायवर दात खाता खाता मले ठाऊक होतं, का अन्नपूर्णाची शर्यत मायनं घेतली नव्हती.

माघात लग्न झालं. मी करवली म्हणून बसली होती, ती ऐकतच नव्हती. हळदीच्या अंगानं तिनं तिच्या सासूले, नणंदाइले, जो भेटेल त्याले सांगतलं, ही माही महामाया, दुखता घसा घेऊन माह्यासाठी रस्त्यानं पळाली, सख्खी बहीण नाही करत असं. बायांनी माह्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. शालिग्रामकाका डोळे पुसत होते.

दुसऱ्या कोणी अन्नपूर्णाचं असं केलं असतं ना, तर मी त्याले गावात राहू दिलं नसतं. दारात जाऊन उभी राह्यली असती, चारचौघात उघडा पाडला असता. माह्यासारखी खुन्नस धरणारी पंचक्रोशीत दुसरी नाही. अन् ज्याच्यावर धरायची, तो माणूस मी रोज सकाळी आरशासमोर वेणी घालून शाळेत पाठवत होती.

आता तिले पोरगी हाये, चार वर्षांची. परवा डोणगाववरून माहेरी आली तवा पोरीले घेऊन आमच्या घरी आली. पोरगी माह्या मांडीवर बसली अन् विचारायले लागली, मावशी, तू माह्या आईसाठी खरंच पळाली होती का?

अन्नपूर्णा समोर बसून हसत होती, दोन दात दाखवून. मी म्हटलं, हो.